पेटीवही एजीपीएलखाली खुली करताना

आमच्या देवगड भागातल्या आंबा बागायतदारांच्या गटासाठी लिहिलेला 'पेटीवही' हा प्रोग्रॅम डिसेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात एजीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा, पण पुढच्याला तेच हक्क द्यावेत या अटीवर, सगळ्यांसाठी खुला झाला. खुलं करायचं काम जूनमध्ये सुरू केलं होतं. लायसन्सची फाइल प्रोग्रॅममध्ये टाकायला पाच मिनिटं लागतात. बाकीचे महिने गेले ते ती फाइल टाकायचा अधिकार आपल्याला आहे, हे कागदावर आणण्यात. अशा अटीच्या लायसन्सला कॉपीलेफ्ट म्हणतात; ते म्हणजे काय हे सांगणारं वाचायला मिळतं, पण हा भाग मराठीत मला कुठे सापडला नाही, आणि माणूस अडतो तो इथेच. म्हणून तारखा, खर्च, कागद सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी पेटीवहीबद्दल. वाशीला पेट्या पाठवल्या की दलालाकडून पट्टी येते. अर्ध्या पानाचा कागद असतो. वर गाडीची तारीख, मग पेट्या, डझन, दर. खाली भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन उरलेला आकडा आणि त्याखाली घाईत मारलेली सही. एकाच गाडीतून गेलेल्या पाच डझनी पेटीला एक दर, सहा डझनीला दुसरा, डागी फळाला तिसरा. मे संपेपर्यंत या पट्ट्या पिशवीत साठत जातात, आणि कुठल्या कलमांवर कितव्या फवारणीला किती खर्च झाला होता, हे तोवर कुणाला आठवत नाही. पेटीवहीत मोहोरापासूनच्या फवारण्या, गड्यांची मजुरी आणि पट्ट्या एका जागी येतात. मोबाइलच्या ब्राउझरवर चालते, सर्व्हर गटाच्या नावावर आहे. मी ती गटासाठी लिहायला घेतली आणि पुढे वेगवेगळ्या लोकांनी तिच्यात भर घातली.

एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, मुंबईच्या एका सॉफ्टवेअर विक्रेत्याचा प्रस्ताव आला. दीड लाख रुपये घ्या, सगळे हक्क आम्हाला द्या, आम्ही ती दरमहा भाड्याने पार रायगडपर्यंत विकू. गटाला पहिली तीन वर्षं फुकट, नंतर भाडं. रक्कम वाईट नव्हती आणि माणूसही सरळ बोलणारा होता. पण ज्यांच्या पट्ट्या बघून हा प्रोग्रॅम घडला, त्यांनीच चौथ्या वर्षापासून स्वतःच्या हिशेबासाठी भाडं भरायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. त्याच वेळी गुहागर-दापोलीच्या बागायतदारांपर्यंत पेटीवही पोचावी, असंही मनापासून वाटत होतं. तिथवर न्यायला माझ्याकडे ना वेळ होता, ना माणसं.

हंगाम संपला. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे मोकळे होते. अध्यक्ष काकांच्या पडवीत बैठक झाली. मी तीन वाटा मांडल्या. पहिली, विकून टाकायची. दुसरी, एमआयटी किंवा बीएसडीसारखं सैल लायसन्स लावायचं. कुणीही घ्या, बदला, हवं तर बंद करून विका, फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवा. तिसरी, कॉपीलेफ्ट. इथेही कुणीही घ्यावं, बदलावं, विकावं. पण पुढे देताना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, आणि हेच हक्क घेणाऱ्याला द्यायचे, ही अट सोबत जाते. कॉपीराइटचा कायदा इथे रद्द होत नाही. उलट त्याच कायद्याने मिळालेल्या मालकीच्या जोरावर ही अट घालता येते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९मध्ये त्यातल्या जीपीएल या कॉपीलेफ्ट लायसन्सची पहिली आवृत्ती आली, हे मी थोडक्यात सांगितलं. लोकांना पटलं ते राउटरचं उदाहरण. २००३मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरमध्ये लिनक्स ही खुली संगणकप्रणाली असल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणून कंपनीला कोड द्यावा लागला. त्या कोडातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर ते चालतं.

काका बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे देवचा सगळ्यांका, पण कोणा एकाक गिळूक देवचा नाय. असाच ना गो?"

असंच. पुढचा प्रश्नही त्यांचाच होता. "मगे तो मुंबयवालो काय करतलो?" तो विकू शकतो, बसवून देण्याचे, शिकवण्याचे, दुरुस्तीचे पैसे घेऊ शकतो, कॉपीलेफ्टमध्ये पैसे घ्यायला मनाई नाही. गिऱ्हाइकाला कोड मात्र द्यावा लागेल. आणि नाही दिला तर? तर त्याचा लायसन्सचा हक्क संपतो आणि मग तो साधा कॉपीराइटभंग होतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून एक सवलत आहे: पहिल्यांदाच चुकलेल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारणा केली, तर त्याचे हक्क कायमचे परत मिळतात. ही सवलत ऐकून बैठकीतले दोघे-तिघे नरमले. कुणाला कोर्टात खेचायची कुणाचीच इच्छा नव्हती.

जीपीएल की एजीपीएल, हा प्रश्न तांत्रिक असल्याने मीच ठरवला. जीपीएलची अट लागते ती प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याला दिल्यावर. पेटीवही सर्व्हरवर चालते आणि बागायतदार ती ब्राउझरमधून वापरतात, त्यांच्या हातात प्रत जातच नाही. कुणी ती घेऊन, सुधारून, स्वतःच्या सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली, तर जीपीएलखाली त्याने कुणालाही कोड द्यायची गरज नाही. नोव्हेंबर २००७मध्ये आलेल्या एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या तेराव्या कलमाने ही फट बुजवली. बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही कोड मिळण्याची सोय करावी लागते. तुमचा प्रोग्रॅम ब्राउझरमधून वापरायचा असेल, तर एजीपीएलचा विचार आधी करा. नुसतं डाउनलोड करून चालवायचं ॲप असेल तर जीपीएल पुरेल.

बैठकीने होकार दिला. आता मालकीचा प्रश्न.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट हा प्रोग्रॅम ठेवतो. त्यात शॉर्टलॉग नावाची आज्ञा आहे. कुणी किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, केले त्याची नावांसह यादी येते. ती छापून मी कणकवलीला एका वकिलांकडे गेले. ते जमिनीच्या दाव्यांचे वकील. सॉफ्टवेअरचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, पण आमच्या ओळखीत दुसरं कुणी नव्हतं, आणि पुण्या-मुंबईच्या फीचा आकडा ऐकून तो विचार मी सोडला होता. त्यांनी यादी पाहिली, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हा सामाईक सातबारा आहे. एका सहहिस्सेदाराला सगळी जमीन देऊन टाकता येत नाही. सगळ्यांची संमती घ्या, लेखी." कोकणात ज्याने कधी वडिलोपार्जित घराचा कागद हलवला आहे, त्याला याहून जास्त समजवावं लागत नाही. फी दोन हजार.

पहिली शंका माझ्याच हिश्श्याबद्दल होती. गटाने मला सुरुवातीला मानधन दिलं होतं, मग प्रोग्रॅम गटाचा की माझा? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम आम्ही तिथेच बसून वाचलं. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, दुसरा करार नसेल तर. पण बाहेरून काम करून देणाऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम त्याचाच राहतो, लेखी करून दिला नसेल तर. म्हणजे माझा भाग माझा. तरीही पुढे वाद नको म्हणून गटाकडून ठराव करून घेतला: पेटीवहीवर गटाचा मालकीहक्काचा दावा नाही आणि ती एजीपीएलखाली खुली करायला गटाची हरकत नाही. जुलैच्या मासिक सभेत ठराव झाला. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागून घ्या. नंतर वही कुणाच्या घरी आहे ते शोधत फिरावं लागतं.

मग एकेक हिस्सेदार. मोबाइलवरचे पडदे, म्हणजे स्क्रीन, लिहिणारी मैत्रीण आता पुण्यात एका कंपनीत. पावती छापायचा भाग लिहिणारा मुलगा बोटीवर. क्यूआर कोडचं काम डिप्लोमाच्या दोन विद्यार्थ्यांचं. आणि आमचे गुरुजी. पेटीवहीतली प्रत्येक मराठी सूचना, प्रत्येक मालवणी शब्द, मदतीची सगळी पानं त्यांनी लिहिली होती. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. वहीत पेनाने लिहून द्यायचे, मी टाइप करायचे. २०२४च्या पावसाळ्यात ते गेले.

संमतीपत्र मी मराठीत लिहिलं, एका पानात बसेल असं. लायसन्सचा मूळ इंग्रजी मजकूर सोबत जोडला, कारण जीपीएल आणि एजीपीएलच्या भाषांतरांना ती लायसन्सं काढणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था कायदेशीर मान्यता देत नाही. बंधनकारक असतो तो इंग्रजीच. पण सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, म्हणून अटींचा सोपा सारांश मराठीत दिला आणि तो फक्त समजण्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलं.

वकिलांनी त्यात दोन वाक्यं घालायला लावली, ती मी आता सगळ्यांना सांगते. आपल्या कायद्यात हक्क लेखी देताना मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे एकोणिसाव्या कलमात आहे, आणि लायसन्सलाही ते लागू होतं. त्यामुळे 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी', 'जगभरासाठी' आणि 'कोणताही मोबदला न घेता' हे शब्द कागदावर असू द्या. परदेशी नमुना उतरवून घेतला तर यातलं काहीतरी सुटण्याची शक्यता असते.

इथे एक मोठा निर्णय होता. सगळ्यांनी आपला कॉपीराइट माझ्या नावावर करून द्यायचा, की प्रत्येकाने आपापल्या नावावर ठेवून फक्त एजीपीएलखाली वापरायची परवानगी द्यायची? पहिल्या वाटेने पुढचं काम सोपं होतं. सही एकाच माणसाची लागते. पण मग तो एक माणूस उद्या पेटीवही बंद करून विकूही शकतो. तो माणूस मी असले तरी मला ते नको होतं. आज माझी नियत चांगली आहे, पण दहा वर्षांनी माझ्यावर कर्ज असेल, आजारपण असेल. म्हणून मालकी वाटलेलीच ठेवली. आता पेटीवहीची कुलूपबंद प्रत विकायची तर सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि त्यात गुरुजींच्या घरच्यांच्याही.

गुरुजींचा कागद सगळ्यात अवघड गेला, कायद्यामुळे नाही. आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि तो वारसांकडे जातो. म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, डोंबिवलीचा थोरला मुलगा आणि बेळगावला दिलेली मुलगी. फोनवर हे बोलायची माझी तयारी होईना. गणपतीला दोघंही घरी येणार होते. २७ ऑगस्टला चतुर्थी, मी तिसऱ्या दिवशी गेले. काकूंनी गुरुजींची वही काढून आणली. फवारणीच्या पानावर त्यांनी एक सूचना खोडून खोडून चार प्रकारे लिहिली होती: आधी 'औषधाचे प्रमाण नोंदवा', मग 'किती औषध घातलंत?', मग त्यात 'लिटरमागे', आणि शेवटी 'पंपाक किती घातलास?' ती शेवटचीच आज मालवणी आवृत्तीत आहे.

थोरल्या मुलाने कागद नीट वाचला. त्याने विचारलं, बाबांच्या लिखाणाचं उद्या कुणी पुस्तक काढून विकलं तर? मी खरं तेच सांगितलं: विकू शकेल, पण त्यालाही याच अटी पाळाव्या लागतील, बाबांचं नाव काढता येणार नाही आणि पुढच्याला तेच हक्क द्यावे लागतील. त्याने बहिणीकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "त्येंनी पैशे घेतल्यानी नव्हते. तुमी कित्याक घेतास?" तिघांच्या सह्या झाल्या. वकिलांच्या सांगण्यावरून हा एकच कागद स्टँप पेपरवर, नोटरी करून घेतला. शंभराच्या स्टँपचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२४पासून महाराष्ट्रात अशा कागदांना किमान पाचशेचा लागतो. बाकीच्यांच्या सह्या साध्या कागदावर, साक्षीदारांसह घेतल्या. वारसांच्या सह्या घ्यायच्या असतील तर सगळे एकत्र येतात तो दिवस गाठा. कोकणात तो गणपतीत नाहीतर शिमग्यात मिळतो.

विद्यार्थ्यांचं लवकर झालं. ते कॉलेजचे नोकर नाहीत, त्यामुळे काम त्यांचंच. तरी प्रोजेक्ट म्हणून दाखवलेलं असल्याने कॉलेजकडून 'आमचा दावा नाही' असं एका ओळीचं पत्र घेतलं. दोघांतला एक काम केलं तेव्हा अठराच्या आत होता. आता सज्ञान आहे, म्हणून त्याचीच सही चालली. बोटीवरच्या मुलाने सिंगापूरला बोट लागल्यावर सही करून स्कॅन पाठवलं. वकिलांनी एक बारकावा सांगितला: कमिटवर जो ईमेल पत्ता आहे, त्याच पत्त्यावरून उत्तर मागवा.

पुण्याच्या कंपनीने दम काढला. मैत्रिणीच्या नेमणूकपत्रात असं कलम होतं, की नोकरीच्या काळात तिने लिहिलेलं सगळं कंपनीचं. तिने पेटीवहीचं अर्धं काम रुजू होण्याआधी केलं होतं आणि अर्धं नंतर, शनिवार-रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर. पहिलं अर्धं निर्विवाद तिचं. दुसऱ्याबद्दल तिने जुलैमध्ये एचआरला लिहिलं, त्यांनी ते लीगलकडे पाठवलं आणि मग शांतता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ती प्रत्येक वेळी विचारायची तर नवीन माणूस, नवीन प्रश्न. तिला नोकरीत त्रास होईल की काय, या काळजीने मला झोप लागत नव्हती. एका क्षणी मी तिला म्हटलं, सोड, तेवढे पडदे मी नव्याने लिहीन. ती ऐकेना. "मी बागेत बसून केलेलं काम आहे ते," एवढंच म्हणाली.

शेवटी उपयोगी पडलं ते पत्राचं नेमकेपण. 'ओपन सोर्समध्ये काम करायची परवानगी द्यावी' असा मोघम अर्ज कुणी मंजूर करत नाही, कारण त्यातून काय काय निघेल ते त्यांना ठाऊक नसतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही नवा अर्ज लिहिला: या या फाइली, या तारखांमधल्या, आंब्याच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही, कंपनीचं यंत्र वा वेळ वापरलेला नाही, या फाइलींवर कंपनीचा दावा नाही एवढंच लिहून द्यावं. सोबत फाइलींची यादी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन ओळींचं पत्र आलं. तिचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते, तिथेच कट्ट्यावर बसले. नोकरी करून असं काम करणाऱ्यांनो, ही परवानगी रुजू होतानाच मागून घ्या. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी 'आधीपासून चालू असलेली कामं' अशी यादी जोडता येते का विचारा.

ही वाट पाहणं चालू असताना दुसऱ्या बाजूने, आपण इतरांचं काय वापरलंय ते तपासत होते. वेबप्रोग्रॅमचा तयार सांगाडा देणारं जँगो बीएसडीखाली, नकाशे दाखवणारं लीफलेटही बीएसडीखाली. त्यांचं एजीपीएलशी काही भांडण नाही, त्यांच्या कॉपीराइट ओळी ठेवल्या की झालं. मुक्ता फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. तो फॉन्टपुरता स्वतःची अट राखतो आणि प्रोग्रॅमसोबत देता येतो. नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, तिचा श्रेयनिर्देश नकाशावर दिसायलाच हवा. अडचण तीन ठिकाणी आली. आलेख काढणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, 'बिनव्यापारी वापरासाठी फुकट' होती. एजीपीएलमध्ये असली जादा बंदी चालत नाही, ती काढली. तारीख निवडायच्या एका तुकड्याला लायसन्सच नव्हतं. लायसन्स नाही म्हणजे मोकळं, असं पुष्कळांना वाटतं. कायद्याने ते 'सर्व हक्क राखीव' असतं. लेखकाला लिहिलं, उत्तर आलं नाही, ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना वापरला. तिसरी होती पावती छापण्याची लायब्ररी, जीपीएलच्या 'फक्त दुसऱ्या आवृत्ती'खाली. दोन्ही कॉपीलेफ्ट असूनही जीपीएलची 'फक्त दुसरी' आणि एजीपीएलची तिसरी आवृत्ती एका प्रोग्रॅममध्ये नांदत नाहीत, कारण दोघींचंही म्हणणं असतं की सगळा प्रोग्रॅम माझ्याच अटींवर द्या. 'दुसरी किंवा त्यानंतरची' असं लिहिलेलं असतं तर चाललं असतं. हे एक-दोन शब्द फाइलींच्या माथ्यावर शोधावे लागतात. बोटीवरच्या मुलाने छपाईचा भाग पुन्हा लिहून दिला, रात्रपाळी संपवून.

चाचणीच्या जुन्या फाइलींमध्ये बागायतदारांच्या खऱ्या पट्ट्या होत्या, कारण चाचणी खऱ्या पट्टीवरच होते. कोड खुला करायचा म्हणजे कुणाचे पैसे खुले करायचे नाहीत. नावं, दर, रकमा बदलून नव्या फाइली केल्या आणि गिटचा जुना इतिहास बाहेर न देता स्वच्छ प्रतीपासून सार्वजनिक रेपो, म्हणजे कोडचं भांडार, सुरू केला. तसं केल्याने कुणी काय लिहिलं याची नोंद पुसली जाते, म्हणून लेखकांची वेगळी फाइल केली आणि त्यात प्रत्येकाचा वाटा लिहिला. गुरुजींचं नाव पहिलं आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस कॉपीराइट ऑफिसकडे नोंदणीचा अर्ज ऑनलाइन केला. नोंदणी सक्तीची नाही; लिहिल्या क्षणी कॉपीराइट मिळतो. पण वाद झाला तर नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, आणि आमच्यासारख्या लहान गटाला तेवढा आधार हवा होता. फॉर्म चौदावा, फी पाचशे रुपये. प्रोग्रॅम कायद्यात साहित्यकृतीत मोडतो, त्यामुळे फी साहित्यकृतीचीच. कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यायची, २०२१च्या दुरुस्तीपासून कुठेही काळं न फासता. खुलाच करायचा कोड असल्याने त्याची फिकीर नव्हती. सहलेखकांची ना-हरकत पत्रं लागली, ती हाताशी होतीच. डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस संपले, हरकत आली नाही; अर्ज अजून तपासणीत आहे. खुलं करण्यासाठी या प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नसते.

मग शेवटचं काम. लायसन्सचा पूर्ण मजकूर एका फाइलीत जसाच्या तसा. त्यात एक शब्दही बदलायची परवानगी नाही. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर वर्ष, लेखकांची नावं आणि लायसन्स नोंदवायच्या एसपीडीएक्स या ठरीव पद्धतीची एक ओळ: एजीपीएल तीन किंवा त्यानंतरची. ॲपच्या तळाला 'मूळ कोड' असा दुवा. लायसन्सप्रमाणे तो बदललेल्या आवृत्तीला लागतो, पण मुळातच दिलेला असला की पुढे बदलणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. वकील, स्टँप, नोटरी, फी, झेरॉक्स आणि एसटी धरून सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला. तो गटाने आणि मी निम्मा निम्मा केला.

जानेवारीत मुंबईच्या विक्रेत्याचा फोन आला. त्याने विचारलं, मला वेगळं, बंद लायसन्स मिळेल का? मी म्हटलं, माझ्या एकटीच्या हातात ते नाही. मग तो अर्धा तास एजीपीएलबद्दल विचारत राहिला आणि मी सगळं सांगितलं. तो आता गुहागरच्या काही बागायतदारांकडे पेटीवही बसवून देतो आहे, बसवण्याचे आणि वर्षभराच्या देखभालीचे पैसे घेऊन. त्याच्या माणसाने दुबार नोंदलेल्या पट्ट्या शोधणारा एक चांगला भाग लिहिला आणि कोड पाठवला. तो आमच्या मूळ प्रतीत घेतला.

हे बदल घेताना पुन्हा संमतीपत्रांची फेरी नको म्हणून लिनक्स कर्नलमध्ये २००४पासून चालते ती पद्धत ठेवली आहे: बदल पाठवणारा प्रत्येक कमिटच्या खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आपल्या नावाने घालतो. हे काम माझं आहे, किंवा द्यायचा मला अधिकार आहे, आणि ते याच लायसन्सखाली देतो, असा तिचा अर्थ. नोकरी करणाऱ्यांना मी तरीही कंपनीचं पत्र आहे का विचारते.

संमतीपत्राचा मराठी नमुना, वारसांसाठीचा वेगळा नमुना, कंपनीला लिहायचा अर्ज आणि गटाच्या ठरावाचा मसुदा, चारही पेटीवहीच्या रेपोत 'कागद' या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. उतरवून घ्या, आपल्या कामाप्रमाणे बदला. सही घेण्याआधी आपल्या तालुक्यातल्या वकिलाला एकदा दाखवा, मग तो फक्त जमिनीचे दावे बघणारा असला तरी चालेल.